शेगावच्या पेठेचे मोजमाप : कापसाच्या गाठीपासून खातेवहीपर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे सिंहावलोकन व्हावे हे क्रमप्राप्तच आहे. ते अन्यत्र आले असल्याने प्रस्तुत लेखाचा विषय किंचित निराळा घेतला आहे. ज्या पेठेच्या आधाराने आपल्या समाजातील बहुतेक घरांचे चूलबोळके चालले, मुलांची शिक्षणे झाली आणि दानधर्मही घडला, त्या शेगावच्या पेठेचे बळ मोजायचे तर कशाने मोजावे?

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. आज दोन परस्परविरुद्ध विधाने एकाच ओट्यावर बसून केली जातात. एक म्हणतो, भाविकांच्या गर्दीने शेगावचे सोने झाले. दुसरा म्हणतो, दुकानदारीत आता राम उरला नाही, मुलाला पुण्यास नोकरीला पाठवावे हेच बरे. एखाद्या घरात वडिलोपार्जित दुकान चालू ठेवायचे की गाळा भाड्याने द्यायचा, हा निर्णय या दोहोंपैकी कोणत्या विधानावर विश्वास ठेवावा यावर अवलंबून असतो. आणि इतका मोठा निर्णय आपण बहुधा रस्त्यावरची गर्दी पाहून घेतो.

अशा प्रसंगी सर्वप्रथम दुकानांची संख्या सांगण्याची पद्धत आहे. पूर्वी समाजाची इतकी दुकाने होती, आता इतकी आहेत, असे तक्ते अनेक स्मरणिकांतून छापले जातात. आमच्या मते हे माप सर्वांत फसवे आहे. एका मोठ्या किराणा दुकानाच्या वाटण्या होऊन तीन भावांची तीन दुकाने झाली, तर तक्त्यात प्रगती दिसते. विक्री मात्र तितकीच, कदाचित कमीच असते. तेव्हा दुकाने मोजण्यापेक्षा उलाढाल मोजावी हे उघड आहे. अडचण अशी, की गेल्या दीडशे वर्षांत शेगावची उलाढाल मोजणारी साधने बदलत गेली आणि प्रत्येक साधनाने निराळीच गोष्ट मोजली.

पहिले साधन म्हणजे कापूस. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला आणि शेगाव त्या मुख्य मार्गावरचे स्टेशन बनले. खामगाव ही वस्तुतः कितीतरी मोठी पेठ. परंतु तिला जलंबहून फाटा मिळण्यास १८७० साल उजाडावे लागले. शेगावात नगरपालिका १८८१ मध्ये स्थापन झाली. १९०१ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या १५,०५७ होती आणि गावात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने होते. श्री गजानन महाराज शेगावात प्रकटले ते १८७८ मध्ये, म्हणजे पेठ वाढीला लागल्यानंतर. दासगणू महाराजांनीही आपल्या ग्रंथात शेगावची ओळख करून देताना तेथील व्यापाराचा उल्लेख अगदी आरंभीच केला आहे. वऱ्हाडच्या अशा रेल्वेकाठच्या पेठांतूनच बघेरवाल, सैतवाळ, खंडेलवाल, ओसवाल अशी आपल्या समाजातील घराणी आडत, कापड, किराणा आणि सावकारी या व्यवसायांत स्थिरावली.

इंग्रज सरकारला मोजायची होती ती कापसाची निर्यात. त्यासाठी रिव्हेट-कर्नाक यांच्यासारखा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमण्यात आला आणि गाठींचा हिशेब काटेकोर ठेवला गेला. परंतु रेल्वेने किती गाठी मुंबईस गेल्या, यावरून शेगावच्या बाजारात लुगडे, गूळ, मीठ आणि भांडी किती खपली हे कळत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हे कठोरपणे दाखवून दिले. रेल्वे होती, पेठा होत्या, व्यापाराचे जाळे होते. तरी ज्याच्या हाती मजुरीच नाही त्याला धान्य विकत घेता येईना. १८९१ च्या तुलनेत १९०१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या घटलेली आढळली. घाऊक व्यापाराचे आकडे आणि गावाची खरेदीशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आजही मार्केट यार्डातील सोयाबीनची आवक पाहून ‘यंदा बाजार गरम आहे’ असे म्हणणारे भेटतात, त्यांनी हे स्मरणात ठेवावे.

दुसरे साधन आपल्या अधिक जवळचे आहे. नियंत्रित बाजाराची सुरुवात आपल्याच वऱ्हाडात, कारंजा येथे १८८६ मध्ये झाली. हे तेच कारंजा, जेथील भट्टारकांच्या गाद्या व शास्त्रभांडारे सर्वश्रुत आहेत. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. गाडीवाल्या शेतकऱ्याच्या रकमेतून आडत, दलाली, हमाली, तोलाई यांशिवाय नाना तऱ्हेच्या कपाती होत. त्यांना आळा घालणे हा अशा कायद्यांचा एक हेतू होता. या कपातींपैकी एक होती धर्मादा. दर गाडीमागे वा दर बोजामागे काही पैसे बाजूला काढून ते गोरक्षण, धर्मशाळा, मंदिर वा पाठशाळा यांना द्यावयाचे, अशी रीत देशभरच्या पेठांत होती. धर्मादा व्यापाऱ्याचे उत्पन्न मानावे काय, हा वाद पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ च्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने तो व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे असा निर्णय दिला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कपात न्याय्य होती काय, याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल, कारण पुण्य व्यापाऱ्याच्या नावे आणि पैसा कास्तकाराचा. तथापि इतिहासाच्या दृष्टीने धर्मादा मोलाचा आहे. तो मालाच्या प्रमाणात घेतला जाई. म्हणून ज्या संस्थेला तो मिळत असे, तिच्या जुन्या जमाखर्चातील धर्माद्याची ओळ ही त्या वर्षीच्या पेठेची नाडी असते. दर माहीत असेल तर साध्या त्रैराशिकाने माल किती आला ते काढता येते. पर्युषणातील बोलीच्या रकमांचा असा उपयोग होत नाही. बोली हे उत्साहाचे माप आहे, उलाढालीचे नव्हे. दोन प्रतिष्ठित घरांत चुरस लागली तर दुष्काळी वर्षातही बोली चढते.

तिसरे साधन जकात. नाक्यावरचा कारकून गावात येणाऱ्या मालाची नोंद करी आणि त्यावर नगरपालिकेचे पोट भरे. जकातीची चोरी होई, नाक्यावर ट्रक ताटकळत, व्यापाऱ्यांचा या कराला कायम विरोध असे आणि तो गैरवाजवी नव्हता. परंतु जकातीचा एक गुण कोणी लक्षात घेतला नाही. गावात किती साखर, किती कापड, किती सिमेंट उतरले याचा तो रोजचा आकडा होता. महाराष्ट्रात नगर परिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि तिच्याऐवजी शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. व्यापाऱ्यांनी समाधानाचा निःश्वास टाकला. पण त्याचबरोबर बाजार वाढला की नगर परिषदेचे उत्पन्न वाढते हे नातेही तुटले आणि मोजपट्टीही गेली.

चौथे साधन विक्रीकर. मध्यप्रांत व वऱ्हाडचा विक्रीकर कायदा १९४७ चा, मुंबईचा १९५९ चा, मूल्यवर्धित कर २००५ पासून आणि वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून. सामान्य माणसाला वाटते की आता सर्व काही संगणकावर आहे, तेव्हा शेगावची विक्री एका बटणावर कळत असेल. तसे नाही. २०१९ पासून वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, म्हणजे गल्लीतील बहुतेक लहान दुकाने या गणनेबाहेर राहतात. उलट अनेक शहरांत शाखा असलेल्या दुकानांची नोंदणी राज्यासाठी एकच असू शकते, त्यामुळे त्यांची येथील विक्री वेगळी दिसत नाही. दुकाने व आस्थापना अधिनियमही २०१७ मध्ये बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे झाले. दुकानदाराची यातायात वाचली हे चांगलेच झाले. परंतु इंग्रजी अमदानीत शेगावच्या कापसाविषयी जेवढे निश्चित सांगता येत होते, तेवढे आज शेगावच्या किराणा मालाविषयी सांगता येत नाही.

मग इतरत्र लहान गावांचा व्यापार कसा मोजतात? अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकात एक सोपी रीत रूढ केली. वॉलमार्टसारखी प्रचंड दुकाने आल्यावर आसपासच्या लहान गावांचे काय झाले, हे त्यांना पाहावयाचे होते. गावात दरडोई किती रुपयांची विक्री होते ते काढावे आणि त्यास राज्याच्या दरडोई विक्रीने भागावे. उत्तर एकाहून अधिक आले तर गाव बाहेरचे गिऱ्हाईक ओढते, कमी आले तर गावचेच गिऱ्हाईक बाहेर जाते. याला आपण ‘ओढ-गुणांक’ म्हणू. आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले संस्थेमार्फत पुण्याची आर्थिक पाहणी करून तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे सोवनी यांनी कोल्हापूरची पाहणी केली. मात्र या पाहण्या शहरांच्या होत्या. शेगावच्या आकाराच्या गावाकडे अशा दृष्टीने क्वचितच कोणी पाहिले.

ओढ-गुणांक शेगावला जसाच्या तसा लावला तर तो आपली खुशामत करील. कारण विक्रीत भाविकांची खरेदी धरली जाईल आणि भागाकार मात्र रहिवाशांच्या संख्येने होईल. म्हणून दोन प्रवाह वेगळे मोजले पाहिजेत, बाहेरून येणारा आणि बाहेर जाणारा. खालील हिशेब अंदाजाचा आहे आणि त्यातील गृहीतके वाचकांनी आपल्या अनुभवाप्रमाणे खुशाल बदलावीत.

केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत देशातील शहरी माणसाचा दरमहा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. २०११ च्या जनगणनेत शेगावची लोकसंख्या ५९,६७२ होती. सात हजारांस साठ हजारांनी गुणले तर महिन्याला ४२ कोटी होतात. लहान गावात दरडोई खर्च थोडा कमी असेल, उलट लोकसंख्या २०११ नंतर वाढली असेल. दोहोंची वजावट होते असे धरू. यातील शिक्षण, दवाखाना, घरभाडे, प्रवास वगैरे सोडून दुकानातून होणारी खरेदी दोन-तृतीयांश धरली, तर ती २८ कोटी. आता यातील एक-तृतीयांश खरेदी खामगाव, अकोला आणि घरपोच येणाऱ्या ऑनलाइन मालाकडे जाते असे समजा. चांदी खामगावची, लग्नाचा बस्ता अकोल्याचा आणि मोबाईल कुरिअरने, ही आपल्याच घरांची रीत पाहता हे प्रमाण अतिशयोक्त वाटू नये. म्हणजे दरमहा नऊ कोटींहून थोडे अधिक बाहेर गेले.

आता भाविकांचा पैसा. दिवसाला सरासरी वीस हजार भाविक आणि प्रत्येकाची बाजारात दीडशे रुपयांची खरेदी धरू. शिवशंकरभाऊ पाटील (निधन २०२१) यांच्या सेवाकाळात संस्थानने अल्प दरातील निवास आणि विनामूल्य महाप्रसाद यांची जी शिस्त घालून दिली, तिच्यामुळे भाविकाचा राहण्या-जेवण्याचा खर्च पेठेत फारसा होत नाही. उरतो तो प्रसाद, कचोरी, चहा, तसबिरी, खेळणी आणि ऑटोचे भाडे. भाविकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. वीस हजार गुणिले दीडशे म्हणजे दिवसाला तीस लाख, महिन्याला नऊ कोटी.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच निघाले. गृहीतके बदलताच ते मागेपुढे होतील, परंतु एक गोष्ट सहसा बदलणार नाही, ती म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच तोलाचे आहेत. येणारा पैसा मंदिर-रस्त्यावर गर्दीच्या रूपाने डोळ्यांना दिसतो, जाणारा मात्र कोणालाच दिसत नाही. जुन्या पेठेतील कापड दुकानदार म्हणतो की धंदा नाही, आणि मंदिराकडील प्रसादवाला म्हणतो की उसंत नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

या अंदाजाला जनगणनेचा थोडा आधार मिळतो. २००१ मध्ये शेगावची लोकसंख्या ५२,४१८ होती, २०११ मध्ये ५९,६७२. वाढ चौदा टक्क्यांहून किंचित कमी. याच दशकात महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी आणि शहरी लोकसंख्या साडेतेवीस टक्क्यांहून अधिक वाढली. हद्दीबाहेरच्या वस्त्या यात धरलेल्या नाहीत हे मान्य केले, तरी ज्या गावी वर्षभर यात्रा भरते ते गाव राज्याच्या सरासरीहून मंद वाढावे, हे विचार करण्याजोगे आहे. गर्दीतून पैसा निर्माण होतो, पण त्याच्या बेताने कायमचा रोजगार निर्माण होतोच असे नाही. २०२१ ची जनगणना लांबली, ती आता २०२७ साठी ठरली आहे. तेव्हा हा आकडा पुन्हा पाहता येईल.

गावाचा व्यापार कुठवर पोहोचतो याचेही एक सूत्र आहे. विल्यम रायली यांनी १९३१ मध्ये मांडले की पेठेची ओढ तिच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २०११ चे आकडे घेऊन आणि खामगावचे अंतर सुमारे १७, अकोल्याचे सुमारे ४५ किलोमीटर धरून हे सूत्र लावले, तर शेगावच्या पेठेची सीमा खामगावच्या अंगाला सुमारे साडेसात आणि अकोल्याच्या अंगाला बारा किलोमीटरवर येते. कागदावर हे ठीक आहे. परंतु वऱ्हाडातील गिऱ्हाईक नुसते अंतर पाहून दुकान निवडत नसे, ते उधारी पाहून निवडे. पेरणीच्या वेळी मिरगात जो बी-बियाणे, मीठ-मिरची आणि पोराबाळांचे कपडे वहीवर लिहून देई, त्याच्याकडेच कापूस विकल्यावर शेतकरी बैलगाडी वळवी. जवळचे दुकान सोडून दूरच्या पेठेत जाण्याचे ते सबळ कारण होते. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना चालली, कापसाचा पैसा आडत्याच्या गादीवरून न येता सरकारी चुकाऱ्याने येऊ लागला आणि ही गाठ सैल झाली.

म्हणून शेगावच्या पेठेचा खरा नकाशा रायलींच्या सूत्रात नाही, तो खातेवहीत आहे. प्रत्येक खात्याच्या माथ्यावर गिऱ्हाइकाच्या नावासोबत त्याचे गाव लिहिलेले असते: जलंब, माटरगाव, मनसगाव, पहुरजिरा, नागझरी. एका वहीतील गावांची यादी करून नकाशावर टिंबे दिली की त्या वर्षी त्या दुकानाची ओढ कुठवर होती ते उघड दिसते. वीस वर्षांनंतरच्या वहीची टिंबे शेजारी ठेवली की पेठ कोणत्या दिशेने आक्रसली तेही दिसते. हिशेबाची ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त व्याजाची व वाटणीची गणिते सविस्तर मांडून ठेवली आहेत.

मात्र जुन्या वह्या वाचताना काही पथ्ये पाळावी लागतात. १ एप्रिल १९५७ पूर्वीचे हिशेब रुपये-आणे-पैशांत आहेत आणि १९६० च्या आसपासपर्यंतची मापे शेर-मणांत. मराठी दुकानांच्या जुन्या वह्या मोडीत असतात, तर मारवाडी घराण्यांच्या मुडिया लिपीत. त्या वाचणारे हात आता थोडे उरले. आयकराच्या नियमांनी १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लागू झाले, त्यापूर्वीच्या अनेक वह्या दिवाळी ते दिवाळी चालत. दिवाळीच्या वहीत कापसाचा पैसा, त्यावरची लग्नसराई आणि मिरगाची खरेदी एकाच वर्षात दिसते. एप्रिलच्या वहीत पीक एका वर्षात आणि त्या पिकावरची खरेदी पुढल्या वर्षात जाते. शिवाय अधिक मास आला की दिवाळीचे वर्ष तेरा महिन्यांचे होते, तेव्हा बेरजेस बाराने नव्हे, तेराने भागावे लागते. रुपयाची किंमत घटत गेल्याने विक्रीच्या बेरजेस त्याच वहीतील ज्वारीच्या भावाने भागून ‘किती क्विंटल ज्वारीइतकी विक्री’ असे काढावे. सोन्याचा भाव यासाठी घेऊ नये. सोने इतके चढले आहे की त्याने मोजल्यास प्रत्येक पेठ बुडालेलीच दिसेल.

समाजातील अनेक घरांत अशा लाल बासनातल्या वह्या माळ्यावर पडून आहेत आणि घर पाडून नवे बांधताना त्या रद्दीत जातात. त्यांत कोणाकडे किती येणे राहिले हा खाजगी मजकूर असतो, तो उघड करण्याचे कारण नाही. वर्षाची एकूण विक्री, खात्यांची संख्या, गावांची नावे, उधारीपैकी वसूल झालेला हिस्सा आणि ज्वारीचा भाव एवढ्या पाच बाबी एका कागदावर उतरवल्या तर अभ्यासाचे काम भागते. नावे झाकलेलीच राहतात. दर दहा वर्षांतली एक अशा चार-पाच वह्या आणि मोडी वाचणारा एक जाणकार मिळाला, तर एका दुकानाचे हे काम एका चातुर्मासात सहज पुरे होईल. २०१६ नंतरच्या वर्षांसाठी तर वहीचीही गरज नाही. दुकानाच्या मोबाईलवर यूपीआयने आलेल्या रकमांची महिनेवार बेरीज आपोआप साठलेली असते, आणि तीत प्रकटदिन व ऋषिपंचमीचे दिवस वगळून उरलेल्या दिवसांची सरासरी काढली की भाविकांशिवायची पेठ किती उरते, ते ज्याचे त्याला कळते.